चाळिसावी चाल

१९७९ च्या मे महिन्यात सांगलीच्या एका स्पर्धेत मी जिंकत आलेला डाव चहा पिता पिता घालवला.

पहिल्या चाळीस चालींना अडीच तास, असा तेव्हाचा हिशेब. समोर मिरजेचे रेल्वेतले एक कारकून होते. पन्नाशीचे, तपकीर ओढणारे. तपकिरीची डबी घड्याळाला टेकवून ठेवलेली. मी एका उंटानं पुढे होतो आणि पट माझ्या बाजूला पूर्ण कलला होता; पण तो तसा कलवण्यात माझा वेळ सांडून गेला होता. एकतिसाव्या चालीला माझ्याकडे चार मिनिटं उरली. थोड्याच वेळात मिनिटकाट्यानं तबकडीवरचा तो लाल फ्लॅग, जो पडला की वेळ संपला, उचलायला सुरुवात केली. मी चाली लिहायच्या सोडून दिल्या आणि कागदावर नुसत्या खुणा करत सुटलो. चाल, ठोक घड्याळ, खूण. चाल, ठोक घड्याळ, खूण. शेवटची खूण चाळिसाच्या ओळीत पडली तेव्हा फ्लॅग अगदी आडवा झाला होता. मी घड्याळ दाबलं, उठलो, बाहेर जाऊन चहा घेतला. हात थरथरत होता म्हणून अर्धा कप बशीत सांडला. बशीतला चहा पिण्याचं सुख त्या दिवशी मी बराच वेळ लांबवलं.

परत आलो तर कारकूनसाहेबांची चाल झालेली, घड्याळ माझ्या बाजूनं चाललेलं, फ्लॅग पडलेला. मी हसून म्हटलं, “चाळीस झाल्या की काका.” त्यांनी आपला कागद माझ्याकडे सरकवला. ओळीनं, वळणदार अक्षरात, एकही चाल न गाळता लिहिलेला. म्हणाले, “मोज बाळ.”

एकोणचाळीस होत्या. धांदलीत मी एक ओळ सोडून खूण केली होती. पंचांनी दुसऱ्या पटावर डाव पुन्हा मांडून पाहिला, पण त्यांच्या कागदापुढे त्यात पाहण्यासारखं काही नव्हतं. काकांनी डबी उघडली, चिमूटभर तपकीर ओढली, रुमालानं नाक पुसलं आणि माझ्याशी हात मिळवला. शिंक मात्र हात मिळवून झाल्यावरच दिली. एवढी स्थिर माणसं मी त्यानंतर फार पाहिली नाहीत.

ती घड्याळं आठवतात. पूर्व जर्मनीतल्या रूला गावची ‘गार्दे’, नाहीतर रशियन ‘यांतार’. एका पेटीत दोन तबकड्या, मागे दोन किल्ल्या, डोक्यावर दोन खटके. दोन्ही बाजूंना वेगवेगळी किल्ली द्यावी लागे. एकीला दिली आणि दुसरीला विसरली तर एक खेळाडू फुकटात अमर व्हायचा. म्हणून पंच सकाळी लवकर येऊन रांगेनं किल्ल्या देत फिरत. काटे असे लावायचे की वेळ बरोबर सहाला संपेल, म्हणजे अडीच तासांचा डाव साडेतीनला सुरू. बाहेर सकाळचे नऊ वाजलेले असोत, पटावर साडेतीनच. सगळ्यांचंच घड्याळ सहाकडे चाललेलं.

शिवाय प्रत्येक घड्याळाचा स्वभाव वेगळा. एखाद्याचा फ्लॅग काटा बारावर पोचण्याआधीच हात टेकायचा, एखाद्याचा बारा ओलांडून गेला तरी लोंबकळत राहायचा. जुने खेळाडू टेबलावर बसल्याबसल्या आधी घड्याळ ओळखत, मग प्रतिस्पर्धी. चाळीस-पन्नास घड्याळं एकदम चालली की सभागृहात एक बारीक सततची कुरकुर भरून राहायची. तिची सवय होई आणि मग ती ऐकू येत नसे. फ्लॅग उचलला गेला की मात्र आपलं एकट्याचं घड्याळ सगळ्यांतून वेगळं ऐकू येऊ लागे.

सेकंद दिसत नसत. फ्लॅग वर गेलाय, म्हणजे दोन-तीन मिनिटं आहेत. तो आडवा आहे, म्हणजे एखादं मिनिट असेल, किंवा नसेल. आपल्यापाशी नेमकं किती उरलंय हे कुणालाच ठाऊक नाही अशा अवस्थेत घोड्याची चाल शोधायची. जर्मन लोकांनी या अवस्थेला ‘त्साइटनोट’ असा शब्दच करून ठेवला आहे, वेळेची तंगी. आम्ही आपलं म्हणायचो, “फ्लॅग चढला.” एखाद्याला ताप चढावा तसं.

आमच्या आजोबांना, आबांना, यातलं काही सोसावं लागलं नाही. ते हिंदी पद्धतीनं खेळत. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकणार, राजाला जन्मात एकदा घोड्याची उडी, आणि राजा एकटा उरला की बुर्जी, डाव तिथंच संपला. घड्याळाची गोष्टच नाही. वाड्याच्या ओसरीवर दुपारी जेवणं झाली की पट पसरायचा. चाल सुचेपर्यंत सुपारी कातरायची. समोरच्यानं फार वेळ लावला तर घड्याळाचं काम कडेला बसलेले करत. “अहो खेळा, का हत्तीला चारा घालताय?” दिवेलागणीपर्यंत डाव संपला नाही तर पट तसाच उचलून फडताळात, डाव उद्यावर. रात्री कुणी प्यादं हलवलं असा संशय आला की भांडण. तेही उद्यावर.

युरोपातही एके काळी असंच होतं, फक्त सुपारीशिवाय. घड्याळ नव्हतं तेव्हा समोरच्याला बसून बसून कंटाळवणं हाही एक डावपेच होता. १८६१ मध्ये आंडरसन आणि कोलिश यांच्या सामन्यात वाळूची घड्याळं आली. १८८३ च्या लंडन स्पर्धेत मँचेस्टरच्या थॉमस ब्राइट विल्सन यांच्या कल्पनेतली दोन जोडघड्याळं टेबलांवर चढली. एक वर झालं की दुसरं खाली, पाळण्यासारखी. तेव्हापासून बुद्धिबळात पटावरच्या दोन सेनांखेरीज ही तिसरी आली.

सांगलीत ती आमच्या जन्माआधीच आली होती. भाऊसाहेब पडसलगीकरांचं नूतन बुद्धिबळ मंडळ १९४१ चं. त्यामुळे आमच्या गावात बॅटीआधी पट हातात पडे, असं मी पुण्याच्या मित्रांना सांगतो. थोडं वाढवून सांगतो, पण फार नाही.

आम्हाला शांत राहायला कुणी शिकवलं नाही. ‘फोकस’ हा शब्द कॅमेऱ्यापुरता होता. एका मित्राकडे कोटोव्हचं ‘थिंक लाइक अ ग्रँडमास्टर’ होतं, ते आमच्यात पाळीपाळीनं फिरे. त्यात कोटोव्हनं ब्लुमेनफेल्डचा एक नेम सांगितला आहे: विचार करून चाल ठरली की लगेच खेळू नका. आधी ती कागदावर लिहा, नीट, सावकाश. मग मान वर करून पट असा पाहा की तुम्ही काल खेळायला शिकलात. एका चालीत मात होतेय का? वजीर फुकट जातोय का? मगच सोंगटीला हात लावा. हा नेम मी वर्षानुवर्षं पाळला. पेन टोपणातून काढायचं, चाल लिहायची, टोपण लावायचं, मग पाहायचं. त्या टोपणानं माझे किती घोडे वाचवले याला गणती नाही. एकदा तर चाल लिहिली, टोपण लावलं आणि दिसलं की वजीर मारला जातोय. खोडून दुसरी लिहिली. समोरचा मुलगा माझ्या कागदावर डोळा ठेवून होता. त्याचा चेहरा पडलेला मी पाहिला.

आज हे करता येत नाही. २००५ पासून फिडेच्या, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या, नियमांत चाल खेळण्याआधी लिहायला मनाई आहे. ते टिपण करून ठेवण्यासारखं मानतात. नातीला मी मोठ्या प्रेमानं माझा टोपणाचा मंत्र द्यायला गेलो तर ती म्हणाली, “आजोबा, पंच येऊन रागावतील.” झालं. पन्नास वर्षांची पुंजी नियमबाह्य.

दुसरी हरवलेली गोष्ट म्हणजे तहकूब डाव. पाच तास झाले की ज्याची पाळी असेल त्यानं चाल खेळायची नाही, गुपचूप लिहून लखोट्यात घालायची. लखोट्यावर दोघांच्या सह्या, लखोटा पंचांकडे. मग रात्र आपली. लॉजच्या खोलीत कॉटवर पट मांडून चौघं-पाच जण विश्लेषणाला बसायचो, स्टोव्हवर चहा. लिहिलेली चाल फक्त एकालाच ठाऊक असायची आणि तो जवळच्या मित्रालाही सांगायचा नाही. माझ्या एका मित्रानं लखोट्यात ‘हत्ती डी-एक’ लिहिलं आणि रात्री दोन वाजता त्याला आठवलं की दोन्ही हत्ती तिथं जाऊ शकतात. सकाळपर्यंत तो गॅलरीत फेऱ्या मारत होता. जगज्जेतेपदाचे सामनेही असेच संपत. १९७२ साली रेक्याविकला फिशर आणि स्पास्की यांचा एकविसावा डाव तहकूब झाला आणि दुसऱ्या दिवशी, १ सप्टेंबरला, स्पास्कीनं फोनवरूनच हार कळवली. संगणक चांगले खेळायला लागल्यावर रात्रीला अर्थ उरला नाही आणि नव्वदच्या दशकात लखोटे गेले.

हे सगळं वाचून वाटेल की तेव्हाची माणसं मोठी शांत असतील. जो असं म्हणेल त्यानं माझ्यासमोर बसून म्हणावं. सभागृहात बिड्यांचा धूर असे. पाय हलत, नखं खाल्ली जात, खटके इतक्या जोरात ठोकले जात की सोंगट्या पडत. मोठ्या लोकांनाही त्रास व्हायचाच. बोटविनिक रागोझिनबरोबर सरावाचे डाव खेळताना मुद्दाम तोंडावर धूर सोडवून घ्यायचा, सवय व्हावी म्हणून. आमच्याकडे सराव लागत नसे, धूर आपोआप मिळे. आम्ही शांत नव्हतो. आमची अशांतता आटोपशीर होती, एवढंच. फ्लॅग चढला की चार मिनिटं जीव मुठीत. मग चाळिसावी चाल झाली की एकदम सुटका. पुढच्या सोळा चालींना आणखी एक तास मिळे. उठा, चहा प्या, तोंड धुवा. मोजता येत असेल तर.

आता घड्याळ वेगळं आहे. बॉबी फिशरनं १९८० च्या दशकाच्या अखेरीस त्याचं पेटंट घेतलं आणि १९९२ साली युगोस्लाव्हियात स्पास्कीशी पुन्हा खेळताना ते वापरलं: प्रत्येक चालीला वरून काही सेकंद जमा. नात ज्या स्पर्धा खेळते तिथं सगळ्या डावाला दीड तास आणि चालीगणिक ३० सेकंद. मी बँकेत होतो, मला हे लगेच कळलं. आमचं घड्याळ म्हणजे मुद्दल मोडून खाणं. आताचं म्हणजे मुद्दल संपलं तरी रोजचा भत्ता चालू. जिंकलेला डाव निव्वळ फ्लॅगवर हरायचे दिवस त्यामुळे बरेचसे गेले, आणि मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, हे माझ्या चहानंतर तेरा वर्षांनी कशाला काढलंत?

पण गेल्या डिसेंबरात पुण्यात एका स्पर्धेला काचेच्या दाराआडून तिचा डाव पाहत तासभर उभा राहिलो, तेव्हा मत थोडं बदललं. आत पालकांना बंदी. आजोबांना तर असणारच. फोन बाहेर काढून ठेवलेले. २००३ साली प्लोव्दिवला युरोपीय सांघिक स्पर्धेत पोनोमारियोव्हचा फोन डावात वाजला आणि त्याला तो डाव गमवावा लागला, तेव्हापासून फोन हा पटावरचा सर्वांत धोकादायक मोहरा आहे. सभागृह इतकं गप्प की एसीचा आवाज यावा. घड्याळांना आवाजच नाही. मला त्या शांततेचीच भीती वाटली.

तिच्या आकड्यात तेव्हा ०:४१ होते. एक्केचाळीस सेकंद. तिनं चाल केली, त्याच हातानं घड्याळ दाबलं, आकडा वाढला, मग पेन उचलून चाल लिहिली. चालीला तीस सेकंद मिळत असतील तर शेवटपर्यंत लिहावंच लागतं, आमच्यासारख्या खुणा चालत नाहीत. अक्षर दुरूनही सरळ दिसत होतं. पेन ठेवलं, दोन्ही हात मांडीखाली घेतले. (हे तिच्या सरांनी शिकवलंय. हात मोकळे असले की सोंगटीकडे जातात. आमचे सरही हेच सांगत. हा एक मंत्र तरी नियमात बसतोय.) टेबलाखाली बूट काढलेले, पायमोजे एकमेकांवर. समोरच्यानं खेळल्यावर तिनं आधी घड्याळाकडे नाही, पटाकडे पाहिलं. मग एक श्वास, डोळे तीन-चार सेकंद मिटलेले. हे गुकेशचं पाहून घेतलंय. मग चाल. ०:१९. मग ०:४४. मग ०:२७. मी दाराला चिकटून, तोंडाला कोरड, आणि ती पाण्याची बाटली उघडून दोन घोट पितेय, आणि झाकण पुन्हा लावतेय. फिरकीचं झाकण! मला काच फोडावीशी वाटली.

हे तासभर चाललं. मला जे चार मिनिटांत भाजून निघायचं, ते हिचं मंद आचेवर शिजत होतं. चाळिसावी चाल येणार नव्हती, उठून चहाला जाता येणार नव्हतं. दर अर्ध्या मिनिटाला नव्यानं शांत व्हायचं आणि ते पुन्हा पुढच्या अर्ध्या मिनिटासाठी.

बाहेर आली. “हरले.”

“किती वेळ उरला होता?”

“एक मिनिट बारा सेकंद.”

“अगं, मग घाई कशाला केलीस?”

“घाई नाही केली आजोबा. मला तीच चाल बरोबर वाटली.”

मी गप्प बसलो. आमच्या पिढीत कुणी डाव हरायचंच नाही. फ्लॅग हरवायचा. आजही जुने मित्र भेटले की सगळ्यांचे हरलेले डाव जिंकत आलेलेच असतात. तेरा वर्षांची पोर म्हणते, मला ती चाल बरोबर वाटली. तिच्यापाशी घड्याळाला लावायला बोल नव्हता, आणि ती तो शोधतही नव्हती. गाडीत बसल्यावर मात्र वाकडपर्यंत खिडकीबाहेर पाहत रडली. नाकाचा आवाज ऐकून कळलं. मी रेडिओ लावला आणि बंद केला.

याच पोरीनं २०२५ च्या जुलैत मला एक गोष्ट सुनावली होती. २८ तारखेला जॉर्जियातल्या बातुमीत महिलांच्या विश्वचषकाची अंतिम फेरी, आपली नागपूरची दिव्या देशमुख आणि कोनेरू हंपी. दोन संथ डाव बरोबरीत सुटले होते, आता जलद डाव. पहिला पुन्हा बरोबरीत. दुसऱ्या डावात दोघींचेही सेकंद संपत आले आणि पडद्याच्या कडेचा तो पांढरा-काळा दांडा, संगणकाच्या मते कोण पुढे आहे ते दाखवणारा, लंबकासारखा वरखाली व्हायला लागला. मी सोफ्यावरून उठलो. “गेला! गेला! अगं, आली परत!” नात मांडी घालून बसली होती, मान न वळवता म्हणाली, “आजोबा, दांड्याकडे नका बघू, पटाकडे बघा. त्यांना तो दिसत नाहीये.” दिव्यानं काळ्या सोंगट्यांनी डाव जिंकला, चषक घेतला, ग्रँडमास्टर झाली, आईला मिठी मारून रडली. आम्ही दोघंही रडलो. पण नात त्या आधी शेवटपर्यंत पटाकडेच पाहत होती, एवढं मी नोंदवून ठेवतो.

फोनवर मीही खेळतो. तीन मिनिटांचे डाव, रात्री, कुणाशीही. त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. एक हरला की दुसरा, दुसरा हरला की ‘हा शेवटचा’. आमच्या स्पर्धेत डाव हरला की निदान रेल्वेनं किंवा एस.टी.नं घरी यावं लागे, तेवढ्यात डोकं निवायचं. आता पुढचा डाव अंगठ्याखालीच असतो. नातीचा नियम आहे: लागोपाठ दोन हरले की फोन ठेवायचा. मी तो पाळतो असं तिला सांगितलेलं आहे.

नाताळच्या सुटीत ती सांगलीला आली. माझ्या कपाटात जुन्या घड्याळांपैकी एक आहे. एका स्पर्धेच्या आयोजकांनी डिजिटल घेतल्यावर निकालात काढलेल्या ढिगातून आणलेलं. तिनं ते बाहेर काढलं, उलटसुलट केलं, म्हणाली, “यावर खेळू या.” पंधरा मिनिटांचा डाव, काटे पावणेसहावर. किल्ली तिलाच द्यायची होती. मी पट मांडला.

सुरुवातीला ती मजेत होती. खटका ठोकायला तिला फार आवडलं. मग तिचा फ्लॅग हलायला लागला.

“आजोबा, किती सेकंद राहिले?”

“ते नाही दिसत.”

“म्हणजे? अंदाजे?”

“फ्लॅग उचललाय ना. म्हणजे थोडे.”

तिनं चाल केली आणि पटाकडे न पाहता फ्लॅगकडे पाहिलं. पुढच्या चालीलाही. हात मांडीखालून बाहेर आले होते. “पण हा पडणार कधी?” म्हणत तिनं किल्लेकोटापुढचं प्यादं सरकवलं आणि तिचा घोडा उघडा पडला. मी घोडा घेतला. मला स्वतःचंच नवल वाटत होतं. किती निवांत सुचतंय! पंचेचाळीस वर्षांत कधी असं स्वच्छ दिसलं नव्हतं. उंट कुठे जाईल, हत्तीची रांग कधी मोकळी होईल, सगळं ओळीनं समोर. मी हनुवटीला हात लावून सावकाश पुढचा विचार करायला घेतला.

ती कान देऊन काहीतरी ऐकत होती.

“आजोबा,” ती म्हणाली, “माझ्या पाळीला हे वाजतं. तुमच्या पाळीला वाजतच नाही.”

मी वाकून पाहिलं. माझ्या बाजूचा काटा सहाला बारा मिनिटं कमी असतानाच थांबलेला होता. तिनं एकच किल्ली फिरवली होती.